धागा आधी, रंग नंतर : येवल्याच्या मागावर

मनमाडहून येवल्याकडे निघाले की वाटेत अंकाई आणि टंकाई हे जोडकिल्ले एकमेकांना खेटून उभे दिसतात. शिर्डीला जाणारे बहुतेक प्रवासी गाडीच्या खिडकीतून त्यांच्याकडे नजर टाकतात आणि पुढे जातात. परंतु या डोंगराच्या उतारावर ११व्या-१२व्या शतकाच्या सुमारास कोरलेली जैन लेणी आहेत. नक्षीदार द्वारशाखा, यक्ष आणि अंबिकेच्या मूर्ती आणि छतावर पाकळ्यांच्या वर्तुळांत उमललेले दगडी कमळ पाहण्यासाठी तासभर वाकडी वाट करावी, अशी ही जागा आहे. हे कमळ डोळ्यांत साठवून पुढे अर्ध्या तासात येवल्यात पोहोचलेल्या माणसाला मागावर विणले जाणारे कमळ पाहताना काहीतरी ओळखीचे वाटते.

येवला हे नाशिक जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. सेनापती तात्या टोपे यांचे हे जन्मगाव. १९३५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली तीही याच गावी. संक्रांतीला येथील आकाश पतंगांनी भरून जाते. परंतु लग्नघरांना येवला ठाऊक आहे ते पैठणीसाठी. गोदाकाठच्या पैठणचे नाव मिरवणारे हे वस्त्र पैठणात आजही विणले जाते. मात्र बाजार मोठा झाला तो येवल्याचा. गाव वसवणाऱ्या रघोजी नाईकांनी विणकरांना येथे आणून स्थिर केले, अशी आठवण गावात सांगतात. साळी, कोष्टी, खत्री अशा समाजांच्या घरांतून आणि जवळच्या नागडे गावातून मागांचा ठेका अजून ऐकू येतो. मुख्य रस्त्यावर पेढ्यांची रांग, आणि आतल्या गल्ल्यांत ओसरीवर नाहीतर मधल्या खोलीत खड्ड्याचा माग, अशी या गावाची रचना आहे. विकणारा रस्त्यावर आणि विणणारा गल्लीत. वस्त्र कसे करून घ्यावे, याचा खरा विचार या दोन जागांच्या मधल्या पन्नास पावलांत करावा लागतो.

आम्ही येथे गेलो ते आश्विन महिन्यात, भाचीच्या लग्नाचे वस्त्र ठरवायला. मायरा भरणे हे मामाचे कर्तव्य, म्हणून फेऱ्यांच्या वेळचे वस्त्र माझ्याकडून जायचे होते. लग्न वैशाखातले, त्यामुळे हाताशी सहा-सात महिने होते. बहिणीची इच्छा एकच : मुलीने फेऱ्यांना पैठणी नेसावी. तिच्या स्वतःच्या लग्नात तिने पैठणीच नेसली होती. अडचणही एकच होती, आणि ती लहान नव्हती. दोन वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात भाचीने रेशीम अंगावर न घालण्याचे पच्चक्खाण घेतले होते. आई म्हणे, “लग्न एकदाच होते.” मुलगी म्हणे, “आई, नियमही एकदाच घेतला आहे.” दोघींचेही चूक नव्हते, म्हणूनच प्रश्न अवघड होता.

आपल्यापैकी अनेक घरांत हा प्रश्न आज ना उद्या येणार आहे. काही परंपरांत पूजेचे वस्त्र म्हणून रेशीम वापरले गेले; अनेक साधू-साध्वींनी ते सोडण्याचा उपदेशही केला. तेव्हा आधी रेशमाचा हिशेब सरळ मांडावा. तुतीचा पाला खाऊन वाढलेला किडा तोंडातील स्रावाने स्वतःभोवती कोष विणतो. एका कोषात साधारण एक किलोमीटर लांबीचा सलग धागा असतो. आतला पतंग कोष भेदून बाहेर आला तर हा धागा तुटतो. म्हणून त्याआधीच कोषांना वाफ किंवा गरम हवा देऊन आतील जीव मारला जातो, मग कोष गरम पाण्यात मऊ करून धागा उलगडतात. एक किलो कच्च्या रेशमाला सुमारे पाच हजार कोष लागतात. पैठणीत अर्धा किलो रेशीम धरले, तरी एका वस्त्रामागे अडीच हजार जीव होतात. व्यापारी माणसाला आकडा समोर आला की निर्णय घेणे सोपे जाते, असा माझा अनुभव आहे. येथे मात्र आकडा कळल्यावर निर्णय अधिक जड झाला. कारण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात गल्लीतला विणकर होता.

पहिला मार्ग पेढीवरचा : तयार साडी घेणे. गादीवर बसावे, पाणी-चहा व्हावा, आणि समोर पन्नास पैठण्या उलगडल्या जाव्यात. नारळी काठ, बांगडी-मोर, असावली, मुनिया पोपटांची रांग, हे सारे पाहताना मन हरखून जाते. भाचीने शांतपणे विचारले, “यातले रेशीम कसे काढलेले असते?” पेढीवाले सौजन्याने म्हणाले, “शुद्ध आहे बेटा, सिल्क मार्क आहे.” त्यांचे उत्तर खरेच होते, पण ते वेगळ्या प्रश्नाचे उत्तर होते. २००४ साली सुरू झालेला सिल्क मार्क धागा अस्सल रेशमाचा आहे एवढे सांगतो. हँडलूम मार्क वस्त्र हातमागावरचे आहे असे सांगतो. २०१०च्या भौगोलिक निर्देशांकाने पैठणीला तिच्या मूळ प्रदेशाशी जोडले. तिन्ही खुणा उपयोगाच्या आहेत, परंतु कोषातील जिवाचे काय झाले, हे यांतली एकही सांगत नाही. खूण ज्या प्रश्नासाठी दिली जाते, त्याच प्रश्नाचे उत्तर ती देते. उरलेले प्रश्न घेणाऱ्याने स्वतः विचारायचे असतात.

दुसरा मार्ग यंत्रमागाचा. ‘सेमी पैठणी’ या नावाने विकले जाणारे वस्त्र दिसायला जवळपास तसेच असते आणि किंमत फारच कमी असते. पॉलिएस्टरचा किंवा ‘आर्ट सिल्क’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, लाकडाच्या लगद्यापासून बनलेल्या व्हिस्कोसचा धागा असेल, तर त्यात रेशमाचा जीव जात नाही. बहिणीला क्षणभर वाटले, सुटला प्रश्न. पण पदर उलटा केल्यावर फरक ध्यानात येतो. हातमागाच्या पैठणीत प्रत्येक रंगाचा धागा तेवढ्याच नक्षीपुरता फिरवून परत वळवलेला असतो. त्यामुळे तिची उलटी बाजू जवळजवळ सुलटीसारखीच दिसते. यंत्रमागाच्या साडीत मागच्या बाजूला धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. आत-बाहेर सारखे असणे ही या वस्त्राची ओळख आहे. यंत्रमागाची साडी यंत्रमागाची म्हणून विकली तर तीत गैर काही नाही. ज्यांचा हात तेवढाच आहे त्यांची हौस ती भागवते. परंतु रेशीम टाळण्यासाठी म्हणून सारी घरे तिकडे वळली, तर किडा वाचेल आणि माग बंद पडेल. एका जिवाची दया करताना दुसऱ्याच्या चुलीकडे पाठ फिरवावी, असे आपला धर्म सांगत नाही.

तिसरा मार्ग घरातल्या कपाटातला : आईची किंवा आजीची जुनी पैठणी. ज्यांचा नियम नवे रेशीम न घेण्यापुरता आहे, त्यांच्यासाठी याहून उत्तम वस्त्र नाही. नवी हिंसा नाही, नवा खर्च नाही, आणि घरातल्या दोन लग्नांना जोडणारा धागा आहे. मात्र जुनी जरी घडीवर काळी पडते आणि रेशीम घडीवरच विरते. म्हणून अशी साडी मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवावी, वर्षातून दोनदा घडी बदलावी, आणि लग्नाच्या चार महिने आधी उघडून पाहावी. विरलेला भाग जाणकाराकडून रफू करून घ्यायला वेळ लागतो. भाचीचा नियम रेशीम अंगावरच न घालण्याचा असल्याने आमच्यासाठी हा मार्ग बंद होता.

चौथा मार्ग अहिंसा रेशमाचा. आंध्र प्रदेशच्या हातमाग क्षेत्रात काम करणारे कुसुम राजय्या यांनी पतंग बाहेर पडू दिल्यानंतर उरलेल्या कोषांपासून धागा काढण्याची पद्धत विकसित केली. १९९०च्या सुमारास तत्कालीन राष्ट्रपतींच्या पत्नी जानकी वेंकटरामन यांनी जीव न मारता केलेली रेशमी साडी मिळेल का, असे विचारले, आणि त्यांच्या कामाला दिशा मिळाली, असे ते सांगत आले आहेत. असा धागा तुटक असल्याने उलगडता येत नाही, कापसासारखा कातावा लागतो. त्याची चमक मंद असते आणि किंमत जास्त. आसामच्या एरी रेशमाचा कोष एका टोकाला मोकळा असतो, त्यामुळे तेथेही पतंग निघून गेल्यावर धागा कातता येतो. हे प्रयत्न आदरास पात्र आहेत. तरीही चोखंदळ श्रावकाने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पाळीव तुती-रेशमाचा पतंग उडू शकत नाही, काही खात नाही आणि थोड्याच दिवसांत मरतो; मादी शेकडो अंडी घालते, आणि त्यांतून निघणाऱ्या साऱ्या अळ्यांना पाला मिळेलच असे नाही. एरीच्या प्रदेशात कोषातील जीव अन्न म्हणूनही खाल्ला जातो. म्हणून नावावर न जाता, हा विशिष्ट धागा कोठून आला आणि कसा निघाला, हे विक्रेत्याला विचारावे. ज्यांना समाधानकारक उत्तर मिळेल त्यांनी तो जरूर घ्यावा.

पाचवा मार्ग गल्लीत सापडला. पेढीवाल्यांनीच आम्हाला एका वृद्ध विणकरांकडे पाठवले. खोलीत शिरताच प्रथम दिसला तो खड्ड्यात पाय सोडून बसलेला त्यांचा मुलगा आणि त्याच्यासमोर ताणलेला ताणा. ताण्यावर रंगीत धाग्यांच्या बारीक तिल्ल्या लोंबत होत्या. एका ओळीसाठी प्रत्येक तिल्ली उचलायची, ठरलेले धागे मोजून त्यांखालून न्यायची, शेजारच्या रंगाशी गुंतवायची आणि फणी ठोकायची. काठ आणि अंग वेगवेगळ्या रंगांचे असले तर तीन धोटे चालवून जोड घालतात; त्याला कडियाल म्हणतात. पदराचे काम दाट असेल तर दिवसभरात काही इंचच वीण पुढे सरकते. साधी पैठणी काही आठवड्यांत उतरते. अंगभर नक्षीची असेल तर वर्ष-दीड वर्षही लागते.

बहिणीने आपली अडचण सांगितली. म्हातारबाबांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाले, “ताई, तुम्ही सुताला कमी का समजता? जुन्या पैठण्यांचं अंग सुतीच असायचं. तलम सुताचं अंग, आणि काठ-पदराला रेशीम-जर. अंगभर रेशीम ही नंतरची चाल.”

हे ऐकून बहीण काही वेळ गप्प राहिली. त्यांचे म्हणणे खरे आहे. जुन्या पैठण्यांत तलम सुती अंगाची वस्त्रे होती, आणि रेशमी अंगाची चाल पुढे रुळली. आजवर तिला वाटत होते, मुलीचा नियम पाळायचा तर परंपरा मोडावी लागेल. आता समजले की सूत ही तडजोड नव्हे. तीही पैठणीचीच जुनी वाट आहे. पैठण म्हणजेच प्राचीन प्रतिष्ठान. तेथील राजाच्या विनंतीवरून कालकाचार्यांनी पर्युषणाची पंचमी चतुर्थीला आणली, अशी आपल्या परंपरेतील कथा आहे. तिथी हलली, पण क्षमापना तशीच राहिली. रूढीचे बाह्य रूप कोठे लवचिक असते आणि गाभा कोठे अढळ असतो, हे आपल्या पूर्वजांना चांगले कळत होते.

पण काम एवढ्यावर संपले नाही. काठ-पदरातील रंगीत रेशमाऐवजी चमक दिलेले मर्सराइज्ड सूत घालता येईल का? येईल, म्हणाले; मोराचे डोळे थोडे कमी चमकतील. मग भाचीने आणखी एक प्रश्न विचारला, जो आम्हा दोघांना सुचलाच नव्हता : “आणि जरीच्या आत काय असते?” असली जरी म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. म्हणजे सोन्याच्या पोटातही रेशीमच. सुती किंवा कृत्रिम धाग्यावर तांब्याची तार गुंडाळलेली जरी सुरतेहून मिळते. तिची किंमत कमी, झळाळी थोडी वेगळी, आणि काळजी घेतली नाही तर ती लवकर काळवंडते. भाचीने तीच निवडली.

राहिला प्रश्न मजुरीचा. म्हातारबाबा संकोचाने म्हणाले, “शेठ, एक सांगतो. सुताला खळ द्यावी लागते, कोरड्या हवेत धागा तुटतो, सांधत बसावं लागतं. दिवस रेशमाइतकेच जातात, कधी जास्तच. पण सुती म्हटलं की गिऱ्हाईक भाव पाडतं. मग पोरं म्हणतात, सूत नको.” आणि एका साडीसाठी वेगळा ताणा लावणे त्यांना परवडणारे नव्हते, एका ताण्यावर दोन-तीन साड्या निघाल्या तरच मेळ बसतो.

या दोन वाक्यांत साऱ्या प्रश्नाची गुरुकिल्ली होती. आपण व्यापारी लोक मालाचा भाव कच्च्या मालावरून धरतो. रेशीम महाग, सूत स्वस्त, म्हणून सुती पैठणी स्वस्त असली पाहिजे, असे मन आपोआप सांगते. पण पैठणीत खरी किंमत विणकराच्या दिवसांची असते, आणि ते दिवस धागा बदलल्याने कमी होत नाहीत. रेशीम सोडून जी रक्कम वाचते ती सुताची बचत म्हणून खिशात घालावी. विणकराच्या मजुरीतून मात्र एक पैसाही वाचवू नये. तसे केले तर अहिंसेचा खर्च आपण दुसऱ्याच्या घरावर टाकला, असा त्याचा अर्थ होईल. आम्ही रेशमी साडीच्या दराने मजुरी ठरवली, निम्मी रक्कम आगाऊ दिली, आणि एका ताण्यावर तीन साड्या सांगितल्या : एक वधूची, एक तिच्या नणंदेसाठी आणि तिसरी बहिणीने स्वतःसाठी. कुंकवाच्या रंगाचे अंग, हिरवा नारळी काठ आणि पदरावर कमळे.

आपल्या शास्त्रात हिंसा तीन प्रकारे घडते असे सांगितले आहे : स्वतः करून, दुसऱ्याकडून करवून आणि होत असलेल्या गोष्टीला अनुमोदन देऊन. कृत, कारित आणि अनुमोदित हे तिन्ही शब्द आपण प्रतिक्रमणाच्या निमित्ताने वारंवार ऐकतो. वस्त्राच्या बाबतीत त्यांचा अर्थ अगदी रोखठोक होतो. कपाटातली जुनी साडी नेसताना नवे काही करविले जात नाही. पेढीवरची तयार साडी घेताना झालेल्या गोष्टीला आपण संमती देतो आणि पुढच्या मालाची मागणी नोंदवतो. मागावर सांगून करवून घेताना आपण थेट ‘कारित’ होतो. म्हणून जबाबदारी सर्वांत मोठी तिथेच असते, आणि धागा बदलण्याचा अधिकारही तिथेच हाती असतो. पेढीवर फक्त ‘हो’ किंवा ‘नको’ म्हणता येते. मागावर ‘असे करा’ म्हणता येते.

रेशीम नेसणाऱ्या घरांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. मराठवाड्यातील कितीतरी शेतकऱ्यांनी तुती लावून कोरडवाहू शेतीला जोड दिली आहे, आणि प्रत्येक श्रावकाचा नियम त्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणे असतो. सांगायचे आहे ते एवढेच, की लग्नाच्या वस्त्राचा विचार आपण बहुधा उलट्या क्रमाने करतो. आधी रंग ठरतो, मग काठ, मग किंमत. माग कोणता हे क्वचित विचारले जाते, आणि धागा कोणता हे कधीच नाही. हा क्रम सुलटा करावा. ज्या घरात वर्षभरात लग्न आहे, त्या घराने प्रथम धागा ठरवावा, कारण तिथे व्रताचा प्रश्न आहे. मग माग ठरवावा, कारण तिथे कारागिराच्या पोटाचा प्रश्न आहे. मग मजुरी ठरवावी आणि तीत घासाघीस करू नये. दोन-तीन नातलगांनी मिळून एक ताणा सांगितला तर विणकरालाही परवडते आणि सुती पैठणी पुन्हा मागावर चढते. यासाठी निदान सहा महिने हाताशी ठेवून येवल्याची वाट धरावी. रंग सर्वांत शेवटी ठरवावा. तो वधूने निवडावा आणि घरातील कोणीही त्यात मोडता घालू नये.